पिल्लाच्या फोटोतली हिरवी रेघ

“चूक माझी नाही हे कळतं हो मॅडम, पण झोप लागत नाही.”

गेल्या काही वर्षांत म्हापशाच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य इतक्या वेळा आलंय की आता खुर्चीत बसण्याच्या पद्धतीवरूनच मी ते ओळखते. कांदोळीच्या एका जोडप्याच्या घराचे फोटो उचलून कुणीतरी तो ‘व्हिला’ म्हणून भाड्याने दिला होता. ऐन डिसेंबरात माणसं बॅगा घेऊन फाटकाशी उभी. नवरा-बायकोनं एक पैसा घेतला नव्हता, तरी पुढचे चार महिने फाटक वाजलं की त्यांच्या छातीत धस्स व्हायचं. वस्तू आपली, नाव आपलं, फसवणूक दुसऱ्याची आणि लाज मात्र आपल्या वाट्याला! हीच गाठ मला डिचोलीच्या सुषमाताईंमुळे (नाव बदललं आहे) नीट उलगडली.

सुषमाताई प्राथमिक शाळेत शिक्षिका. घरात बीगल जातीचा कुत्रा, नाव खाजें. जत्रेतल्या खाज्याच्या रंगाचा, म्हणून. तो दीड-दोन महिन्यांचा असताना त्यांनी त्याचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकले होते. तीन वर्षांनी तेच फोटो एका ‘पिल्लं विकणे आहे’च्या जाहिरातीत झळकले. पद्धत ठरलेली: आधी बुकिंगचे पाच हजार, मग “पिल्लू मोपा विमानतळावर अडकलंय, पिंजऱ्याचे साडेआठ हजार भरा, परत मिळतील,” मग विमा, मग लस. ग्राहक थकला की नंबर बंद. पुण्याच्या एका बाईंनी गूगल लेन्सवर फोटो शोधला आणि मूळ खातं सापडलं. त्यांच्या लेखी चोर सापडला.

शिव्या आल्या. पाठोपाठ एक व्हॉइस नोट, त्यात लहान मुलगी रडत विचारत होती, “माझं पिल्लू कधी येणार?”

सुषमाताईंनी त्या आईला स्वतःच्या पगारातून पाच हजार पाठवले. घरी सांगितलं नाही. नंतर इंदूरहून आणखी एक जण उभा राहिला, तेव्हा नवऱ्याला कळलं. सासरे म्हणाले, “फोटो घालायची हौस कोणाला होती?”

इथे माझीही एक चूक झाली, ती सांगते. पहिल्या भेटीत मी म्हटलं, काही दिवस खातं बंद ठेवा. त्यांनी ठेवलं आणि झोप आणखी उडाली. खातं बंद करणं म्हणजे त्यांच्या मनाच्या लेखी गुन्हा कबूल करणंच होतं. हे मला दोन आठवडे उशिरा उमगलं.

घटनेमुळे माणूस मोडतो असं मी मानत नाही. घटना आणि दुःख यांच्यामध्ये एक वाक्य बसलेलं असतं, माझं काम ते वाक्य शोधण्याचं. त्यांना विचारलं, “ते पाच हजार कशाचे?”

“त्या मुलीचे.”

“ते तुम्ही घेतले होते?”

“नाही. पण खाजें माझा ना? माझ्या वस्तूनं कुणाचं वाईट झालं, तर ते मीच भरून द्यायला हवं.”

हेच ते वाक्य. वाद घालून ते हलणार नव्हतं. शिक्षिकेशी वाद घालून कोण जिंकलंय? मी म्हटलं, मूळ फोटो आणि जाहिरातीतला फोटो शेजारी शेजारी ठेवा. दोन्हीत तेच पिल्लू, तेच कान. पण जाहिरातीतल्या फोटोच्या कडेला एक बारीक हिरवी रेघ होती.

“ही रेघ कसली?”

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्याशी कधी न बोललेल्या कोकणीत म्हणाल्या, “तीं म्हजीं कांकणां.”

मूळ फोटोत पिल्लाच्या पाठीवर त्यांचा हात होता, मनगटात हिरव्या बांगड्या. चोरानं तो छाटला होता, एका बांगडीची कड तेवढी राहून गेली.

मी म्हटलं, “तुम्ही दिसत होता तोवर त्याला पिल्लू विकता येत नव्हतं. आधी तुम्हाला कापून बाहेर काढावं लागलं.”

त्या रडल्या, बऱ्याच दिवसांनी. बावीस वर्षांच्या कामात अशा चार-पाच दुपारीच मला आठवतात आणि ही रेघ माझ्या नजरेला पडली याचा थोडा अभिमान आहे, तो लपवत नाही.

अपराधीपणा हलला की हातांना काम लागतं, नाहीतर तो परत येऊन बसतो. म्हणून पुढच्या भेटी अगदी रोखठोक झाल्या. फोनमधली मूळ फाइल तारखेसह जपायची; जाहिरात, नंबर, यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवायचे. आपण काढलेल्या फोटोचा कॉपीराइट आपला असतो, त्या आधारे अ‍ॅपवर जाहिरात काढून टाकण्याची मागणी करायची. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार. तिथे अडलं तर रायबंदरचं सायबर पोलीस ठाणं आहे. संगणक-मोबाइल वापरून तोतयेगिरीनं फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 ड खाली गुन्हा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्यानं पोट भरत नाही, पण “गुन्हेगार दुसरा आहे” हे सरकारी कागदावर वाचण्यात औषध आहे.

आणि फसलेल्यांना पैसे पाठवायचे नाहीत. त्यांना खरी मदत 1930 या क्रमांकाची. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर समोरच्या खात्यात रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. तुमच्या पाच हजारांनी ती आई तक्रार करायची थांबते, चोराचं मात्र फावतं. पिल्लू घेणाऱ्यांनाही सांगते: 2017 च्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी लागते आणि 8 आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. नोंदणी क्रमांक मागा, व्हिडिओ कॉलवर पिल्लाला तुमच्यासमोर उचलून दाखवायला सांगा. सबबी सुरू झाल्या की फोन ठेवा.

सुषमाताईंनी चार ओळींचा मजकूर तयार करून ठेवला: फोटो चोरीचा आहे, हा मूळ फोटो, हा तक्रार क्रमांक, तुम्ही 1930 ला फोन करा. खातं पुन्हा उघडलं, सर्वात वर बांगड्यांसकट तोच फोटो लावला.

गणेश चवथीच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. हुबळीहून कुणीतरी संतापून व्हॉइस नोट पाठवली होती.

“ऐकली?” मी विचारलं.

“चार ओळी पाठवल्या. नोट ऐकायला वेळ कुठे, कढईत नेवऱ्या होत्या.”