शेजारच्या कुणग्यांत लाल माती पडतेय

प्रश्न : नमस्कार काका. पेडणे तालुक्यात आमचं भातशेत आहे, बाबा कूळ म्हणून कसत आले. यंदा चतुर्थीनंतर शेजारच्या तीन कुणग्यांत (भाताच्या खाचरांत) रात्री ट्रकांनी लाल माती ओतली. विचारलं तर "रस्त्यासाठी आहे" म्हणतात. त्याच सर्व्हे नंबरची जमीन वसाहत क्षेत्रात, म्हणजे घरं बांधायच्या क्षेत्रात, बदलण्याची नोटीसही निघाली आहे, असं दादा सांगतो. गावातले म्हणतात, सरकारशी कोण भांडणार? आम्ही काय करू? — एक वाचक, पेडणे

उत्तर : बाय, सगळ्यात आधी दादाला त्या नोटिशीची तारीख विचार. नगर नियोजन कायद्याच्या कलम ३९अ खालची नोटीस असेल, तर हरकत घ्यायला तीस दिवस मिळतात. त्यातले किती गेले ते आजच मोज. बाकी सगळं त्यानंतर.

हरकत कशी लिहावी, हे मी एका बाईकडून शिकलो. तलाठी असताना एका गावातून एकाच जमिनीबद्दल दोन कागद आले होते. एकावर चारशे सह्या आणि वर "आमचा गाव वाचवा" एवढंच. दुसरा त्या बाईचा, वहीचं एक पान. सर्व्हे नंबर, पाणी कुठल्या झरीचं येतं, कुठल्या पाटाने उतरतं, खाली कोणाकोणाचे कुणगे भिजतात, गेल्या सरदीला, म्हणजे पावसाळी हंगामात, भात किती झालं, सगळं लिहिलेलं. चारशे सह्या फायलीत गेल्या. तिच्या पानामुळे मात्र साहेबांना चप्पल काढून चिखलात उतरावं लागलं. सह्या जरूर घ्या, पण त्या अशा पानाखाली घ्या.

पाण्याचं एवढं का सांगतो, ते ऐक. भराव घालणारा पाटाच्या तोंडावर सिमेंटचा एक पाइप टाकून ठेवतो, जेमतेम हातभर रुंद. पहिल्याच मोठ्या पावसात त्यात पालापाचोळा अडकतो. मग वरच्या कुणग्यांत गुडघाभर पाणी तुंबतं आणि पोटरीला आलेलं भात उभ्या जागी कुजतं. असं दोन वर्षं झालं की शेतकरी जोत धरायचं सोडतो. मेर, म्हणजे शेताचा बांध, ढासळते, रान माजतं आणि पुढच्या अर्जात लिहून येतं, "जमीन बरीच वर्षं लागवडीखाली नाही." असे अर्ज मी या हातांनी नोंदवले आहेत. म्हणून तो पाइप आणि त्याच्या वर तुंबलेलं पाणी, दोन्हींचे फोटो आत्ताच काढून ठेव. पाऊस ओसरला की पुरावाही आटतो.

सखल जमिनीत परवानगीशिवाय भराव घालायला त्याच नगर नियोजन कायद्याच्या कलम १७अ ने बंदी आहे. लेखी तक्रार नगर नियोजन खातं, उपजिल्हाधिकारी आणि पंचायत, तिघांकडेही दे आणि प्रत्येक ठिकाणी पोच घे. शिक्क्याशिवाय परत येऊ नकोस. रात्री ट्रक अडवायला मात्र एकटी जाऊ नकोस, दादालाही एकट्याला पाठवू नकोस.

दुसरं काम एक-चौदाच्या उताऱ्याचं, म्हणजे आपल्या गोव्यातल्या सातबाराचं. शेजारच्या जमिनीवर कुळाचं नाव आहे का बघ. पूर्वी असेल आणि आता नसेल, तर ते कुठल्या फेरफाराने गेलं ते काढ. कूळ कायद्याने कुळाच्या मालकीची झालेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कशाला वापरता येत नाही, असा गोव्यात १९९१ चा कायदा आहे. तो फार कमी लोकांना ठाऊक आहे, त्यामुळे हरकतीत त्याचा उल्लेख कर. बाबांचं नाव आपल्या उताऱ्यावर नीट आहे ना, तेही त्याच फेरीत पाहून घे.

ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडा. त्यातही सर्व्हे नंबर हवा. नुसत्या "मेगा प्रकल्प नको" म्हणण्याने तुझी मेर वाचत नाही.

सरकारशी कोण भांडणार, असं विचारणाऱ्यांना सांग, इथलीच माणसं भांडली आहेत. लोक रस्त्यावर आले म्हणून २००७ च्या जानेवारीत सरकारला "प्रादेशिक आराखडा २०११" नावाचा गोव्याच्या जमीनवापराचा आराखडा मागे घ्यावा लागला. २०२१ मध्ये सत्तरीत मेळावलीच्या बायका पुढे उभ्या राहिल्या आणि आयआयटीचा प्रकल्प तिथून हलला. नगर नियोजन कायद्यात २०२३ मध्ये आलेल्या कलम १७(२) ने आराखड्यातली "चूक दुरुस्त" करण्याच्या नावाखाली एकेक प्लॉट बदलला जात होता. त्याविरुद्ध गोवा फाउंडेशन, गोवा बचाव अभियान आणि खाजन सोसायटी न्यायालयात गेल्या, आणि मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्या कलमाखालचे नियम रद्द केले. कुठेही एका दिवसात झालेलं नाही.

आणि बाय, भात कापून झालं की शेत रिकामं ठेवू नका. वायंगणीला, म्हणजे हिवाळी भाताला, पाणी पुरणार नसेल तर ओलीवर अळसांदे (चवळी) टाका, मूग टाका. शेजाऱ्यांनाही टाकायला लावा, बियाणं नसेल त्याला ओंजळभर द्या. तलाठ्याकडे पिकाची नोंद झाली का, तेही विचारा. पाहणीला येणाऱ्याला तिथे हिरवं दिसलं पाहिजे.

प्रश्न : एक एजंट आमचं भातशेत मुंबईच्या पार्टीला विकून देतो म्हणतो, झोन नंतर बदलून घेऊ असंही सांगतो. भावांना पैसा हवा आहे. सही करू का? — एक वाचक, डिचोली

उत्तर : नको. २०२३ च्या कायद्याने गोव्यातली भातशेती शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही. अपवाद आहेत, पण ते जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने, एजंटच्या शब्दावर नव्हे. कोऱ्या कागदावर किंवा मुखत्यारपत्रावर सही मागितली, तर उठून घरी या. भावांची अडचण खरी असेल. त्यांच्यासोबत बसून आधी वाटण्या करा, आणि ज्याला कसायचं आहे त्याला कसू द्या.