दुसुन म्हणजे वाडी, मग कादाझान म्हणजे काय?

क्वालालंपूरला नोकरी करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे: 'आमच्या टीममध्ये साबाहमधल्या, म्हणजे बोर्निओ बेटावरच्या मलेशियन राज्यातल्या, पेनाम्पांगची एक मुलगी आहे. गावाचा विषय निघाला की तिला थांबवावं लागतं. तिच्यावर मी इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी लिहितोय. "ती दुसुन समाजातली" हे वाक्य तिला समजावून सांगितलं, तर लगेच म्हणाली, दुसुन नाही, कादाझान. मलय शब्दकोशात दुसुन म्हणजे फळबाग निघाली! हा काय प्रकार? आणि "नेटिव्ह"ला मराठीत आदिवासी म्हणू की भूमिपुत्र?'

फळबागेपासूनच सुरुवात करू, कारण अर्धं उत्तर आपल्या कोकणात आहे. मलयमध्ये दुसुन म्हणजे फळझाडांची बाग, आणि शहराबाहेरची लहानशी वस्ती म्हणजेही दुसुनच. आपली 'वाडी' अगदी अशीच आहे. नारळी-पोफळीची वाडी वेगळी आणि सुतारवाडी वेगळी, शब्द मात्र एकच. तेव्हा 'ओरांग दुसुन' म्हणजे वाडीवरची माणसं. बोर्निओच्या या किनाऱ्यावर ब्रुनेईच्या सुलतानाचा अंमल होता तेव्हा आत भातशेती करणाऱ्यांना बाहेरच्यांनी हे नाव ठेवलं. १८८१ साली सनद मिळालेल्या ब्रिटिश नॉर्थ बोर्निओ कंपनीने ते कागदोपत्री पक्कं केलं. शहरातला माणूस 'वाडीवरचा' म्हणतो तेव्हा आवाज कसा लागतो, ते तुम्हाला ठाऊक आहेच.

कादाझान हे नाव मात्र आतून आलेलं, पेनाम्पांग-पापारकडच्या किनारी लोकांचं स्वतःचं. त्याची एक व्युत्पत्ती 'केदाई' म्हणजे दुकान या मलय शब्दापासून लावतात: दुकानं असलेली पेठ, आणि तिथली माणसं. केदाई मूळचा तमिळ 'कडै'. व्यापाऱ्यांच्या गलबतातून आलेला हा शब्द माझ्यातल्या शब्दवेड्याला भुरळ घालतो, पण म्हणून तो खरा ठरत नाही. कादाझान लोकांतच अनेकजण सांगतात, की दुकानाचा काही संबंध नाही, कादाझान म्हणजे माणसं, आपली माणसं. जगातल्या कितीतरी समाजांच्या नावांचा अर्थ इतकाच साधा असतो, म्हणून माझा कौल यालाच.

आता त्या नावातला 'झ'. तो गझलमधला झ आहे, झाडातला नव्हे. आणि तो किनारी बोलीची खूणच आहे. आतल्या दुसुन बोलींमध्ये जिथे 'य' येतो तिथे पुष्कळदा किनाऱ्यावर 'झ' ऐकू येतो. 'मोठा' हा शब्द तिकडे 'आगायो', इकडे 'आगाझो'. भाताच्या आत्म्याला आळवणारी पुजारीण तिकडे 'बोबोलियान', इकडे 'बोबोहिझान'. इथे 'ल'चा 'ह'सुद्धा झालेला दिसेल. पाणी 'वाइग' दोन्हीकडे, फक्त 'व' म्हणताना एकीकडे ओठांचा चंबू होतो, दुसरीकडे दात ओठाला लागतात. म्हणजे तुमच्या सहकारी मुलीने एका 'झ'मध्ये समाजाबरोबर गावही सांगून टाकलं.

यावरून दुसुन ही शिवी आहे असं मात्र समजू नका. रानाउ, तांबुनान या आतल्या भागातले लोक आज स्वतःला दुसुनच म्हणवतात, आणि ताठ मानेने म्हणवतात. साबाहचे पहिले मुख्यमंत्री डोनाल्ड स्टीफन्स यांच्यासारख्या नेत्यांनी सगळ्यांसाठी 'कादाझान' हे नाव पुढे केलं, तेव्हा आतल्या भागात नाराजी उमटली होती. शेवटी 'कादाझानदुसुन' असा जोडशब्द रुळला. १९९५ साली प्रमाणभाषेसाठी बुंदू-लिवान ही दुसुन बोली पाया धरायचं ठरलं, आणि त्यात किनारी कादाझानसह इतर बोलींची भर घालायची. त्यामुळे रानाउच्या माणसाला कादाझान म्हणालात तर तोही तुम्हाला दुरुस्त करील.

'भूमिपुत्र' टाळा. शब्द आपलाच वाटतो, पण मलेशियात 'बुमिपुत्रा' हा सरकारी शिक्का आहे आणि त्यात मलय बहुसंख्याकही येतात. कादाझानांचं वेगळेपण त्यात विरघळून जातं. शिवाय २०२१ मध्ये गोव्यात एका विधेयकाच्या नावात हा शब्द आला, तेव्हा आदिवासी संघटनांनी त्याला हरकत घेतली होती, तेही आठवा. 'आदिवासी' चुकीचा नाही. आपल्याकडे 'वनवासी' हे दुसऱ्याने दिलेलं नाव नाकारून अनेकजण तो आग्रहाने लावतात, हे दुसुन-कादाझानसारखंच झालं. अडचण एवढीच की मराठी वाचकासमोर लगेच डोंगर-जंगलातला पाडा उभा राहतो. पेनाम्पांग हे भातखाचरांचं गाव, आता कोटा किनाबालू शहराला चिकटलेलं. तिथल्या दोंगोंगोनच्या 'तामू'त, म्हणजे आठवडी बाजारात, बांबांगान हा करड्या सालीचा रानआंबा विकायला येतो. त्याची कोय किसून कच्च्या माशाच्या 'हिनावा'त घालतात. लिंबू, मिरची, आलं, कांदा, आणि चूल पेटवायचीच नाही.

साबाहमध्ये 'नेटिव्ह'ला 'आनाक नगरी' म्हणतात. आनाक म्हणजे लेकरू, आणि नगरी म्हणजे संस्कृतातली नगरीच, तिथे 'राज्य' या अर्थाने. मराठीत मी 'मूळची' वापरीन. 'ती मूळची पेनाम्पांगची, कादाझान.' जमात वगैरे काही जोडू नका. लेखात पुढे खुलासा हवाच असेल तर 'साबाहचे मूळ रहिवासी' पुरे. आणि अंक ३०-३१ मेच्या सुगीच्या सणाला निघणार असेल तर तिला म्हणा, 'कोतोबियान तादाउ तागाझो दो काआमातान', म्हणजे सुगीच्या मोठ्या दिवसाच्या शुभेच्छा. तागाझो. तागायो म्हणालात तर पुन्हा दुरुस्त करील.