परकीयांविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेल्या उठावांना धर्मच कारणीभूत होता का?

तुम्ही विचारलंय की इंग्रज, जर्मन अशा परक्या सत्तांविरुद्ध शेतकरी उठले तेव्हा दर वेळी कुठला तरी देव, बाबा नाहीतर मंत्र मध्ये असतोच, मग धर्मामुळेच उठाव झाले असं म्हणायचं का. माझं मत आधीच सांगतो. पेटतं ते जमीन, सारा आणि कर्जावरून. पण एकमेकांवर फारसा भरवसा नसलेली दहा गावची माणसं एकत्र येऊन जीव द्यायला तयार होतात ती बहुतेक वेळा शपथेवर, आणि शपथ घ्यायची म्हटलं की देव आलाच.

शपथ काय करते ते मी लहानपणी बघितलंय. आता मी पुण्यात असतो पण आजोळ सुप्याजवळचं, बारामती तालुक्यातलं. तिथं दोन चुलतभावांचं बांधावरून भांडण चाललेलं, तलाठी झाला, मोजणी झाली, पंच बसले, काही उपयोग नाही. शेवटी एक म्हातारा म्हणाला, खंडोबाच्या देवळात जाऊन बेल-भंडारा उचला. धाकट्यानं बेलाचं पान तळहातावर घेतलं, त्यावर भंडाऱ्याची चिमूट, आणि हात इतका थरथरायला लागला की भंडारा पायरीवर सांडला, मग तो तिथंच खाली बसला आणि म्हणाला, दगड मीच सरकवला. मोजणीवाल्यांसमोर बिनदिक्कत खोटं बोललेला माणूस होता तो.

हे डोक्यात ठेवून उमाजी नाईकांकडे बघा. पुरंदरच्या रामोशांकडे किल्ल्याची, गावांची रखवाली होती, त्यावर त्यांची वतनं चालायची, १८१८ ला पेशवाई गेली आणि इंग्रजांनी ती काढून घेतली. भांडण इतकं साधं होतं, पोटाचं. पण उमाजी खंडोबाचे भक्त, त्यांची माणसंही खंडोबाचीच, आणि बेल-भंडाऱ्याची शपथ त्या लोकांत शेवटचा शब्द. इंग्रजांनी बक्षिसं लावूनही त्यांना कित्येक वर्षं माणूस हाती लागत नव्हता तो काय नुसत्या डोंगरांमुळे का? शेवटी डिसेंबर १८३१ मध्ये पकडले गेले तेही फितुरीनं, आणि ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी दिली. खडकमाळ आळीतल्या मामलेदार कचेरीत त्यांचं स्मारक आहे, दाखल्याच्या कामासाठी गेलो की मी तिथं दोन मिनिटं थांबतोच.

आता उलटं उदाहरण, आणि तेही आमच्याच भागातलं. १२ मे १८७५ ला सुप्यात आसपासच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. मागचं सगळं चित्र असं की अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी चालू होती तेव्हा इंग्लंडला तिकडचा कापूस मिळेना, म्हणून इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला, सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली, मग युद्ध संपलं, भाव कोसळला, कर्ज मिळायचं बंद झालं आणि नेमका त्याच काळात सरकारनं सारा वाढवला. शिरूर तालुक्यातल्या करडे गावात १८७४ च्या डिसेंबरात एका सावकारानं फक्त १५० रुपयांच्या देण्यापायी कोर्टातून हुकूमनामा आणून एका देशमुखाच्या घरावर टाच आणली, गावानं त्याच्यावर बहिष्कार घातला, न्हावी दाढी करेना, परीट कपडे घेईना, पाणी कोणी भरेना. पुढं सुपे झालं आणि पुणे-नगर मिळून तीसहून जास्त गावांत तेच झालं.

यात देव कुठं आहे? कुठंच नाही. लोकांना हवे होते कर्जरोखे आणि वह्या, त्या घेतल्या, चावडीसमोर जाळल्या, आणि ज्या सावकारानं कागद निमूट काढून दिले त्याला बहुतेक ठिकाणी कोणी हात लावला नाही. परका कोण तेही धर्मावरून ठरलं नव्हतं. रोख होता तो मारवाडी-गुजराती सावकारांवर, म्हणजे बाहेरून येऊन कोर्टाच्या जोरावर जमिनी घेणाऱ्यांवर, गावातल्याच ब्राह्मण सावकाराकडे सहसा कोणी गेलं नाही. त्यामुळे धर्माशिवाय उठाव होतो, हे आमच्या सुप्यानं दाखवलंय. फक्त तो रोख्यांपाशी थांबला. ज्या सरकारच्या कोर्टानं ते रोखे खरे केले त्या सरकारला घालवायचं असं तिथं कोणी ठरवलं नव्हतं, आणि मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर याच फरकात आहे.

कारण बिरसा मुंडांकडे बघा. छोटानागपूरमधल्या, म्हणजे आजच्या झारखंडातल्या, मुंडा आदिवासींनी जंगल तोडून जमीन लागवडीला आणली, तिच्यावर सगळ्या कुळीचा हक्क, त्याला खुंटकट्टी म्हणत. बाहेरचे जमीनदार, ठेकेदार, सावकार आले, मुंडा त्यांना दिकू म्हणायचे, आणि इंग्रजी कायद्यानं ते मालक झाले. मुंडांचे सरदार कित्येक वर्षं अर्ज करत होते, वकील लावत होते. त्या काळात पुष्कळ मुंडा ख्रिश्चन झाले, त्यातल्या अनेकांची आशा अशी की पाद्री साहेब आपल्या जमिनीच्या केसमध्ये उभा राहील. म्हणजे धर्म बदलला तोसुद्धा जमिनीपायी! हे समजलं तेव्हा मी खरंच थबकलो होतो. बिरसा स्वतः चाईबासाच्या जर्मन मिशनच्या शाळेत शिकलेले, पण जमिनीच्या बाबतीत मिशनही साहेबाच्याच बाजूचं आहे हे कळल्यावर 'साहेब साहेब एक टोपी' म्हणून बाहेर पडले.

मग १८९५ मध्ये एकोणीस-वीस वर्षांचा हा मुलगा सांगायला लागला की मला सिंगबोंगाचा, म्हणजे मुंडांच्या सगळ्यात मोठ्या देवाचा, आदेश झालाय. दारू सोडा, भुताखेतांना बळी देणं सोडा, स्वच्छ राहा, आणि महाराणीचं राज्य संपून आपलं येणार आहे. लोकांनी त्यांना धरती आबा म्हटलं. सरदारांच्या अर्जांना जे जमलं नव्हतं ते इथं झालं, दिकूनं घेतलेल्या एका शेताची तक्रार होती ती आख्ख्या राज्याविरुद्धची लढाई झाली. १८९९ च्या नाताळच्या आदल्या रात्री बाण सुटले ते चर्चवरही सुटले आणि नंतर पोलीस ठाण्यांवरही. पण त्याच श्रद्धेत एक भयंकर गोष्टही होती, गोळीचं पाणी होईल असं लोक मानत होते. ९ जानेवारी १९०० ला डोंबारीच्या डोंगरावर फौजेनं गोळ्या चालवल्या, तिथं बायका-पोरंही होती. बिरसा ९ जूनला रांचीच्या तुरुंगात वारले, वय पंचवीससुद्धा नव्हतं.

गोळीचं पाणी हा विश्वास फक्त इथलाच नाही बरं का. जर्मन पूर्व आफ्रिकेत, म्हणजे आजच्या टांझानियात, १९०५ ला लोकांवर कापूस लावायची सक्ती होती, वर घरपट्टी. तिथं किंजिकितिले नावाच्या भगतानं मंतरलेलं पाणी दिलं, स्वाहिलीत माजी म्हणजे पाणी, त्यावरून त्या उठावाला माजी माजी म्हणतात. वेगवेगळ्या वीसेक जमाती, ज्यांची आपसात कधी एक भाषा नव्हती, त्या पाण्यानं एकत्र आल्या. मग जर्मनांनी उभी पिकं जाळली आणि लोक गोळीपेक्षा भुकेनंच जास्त मेले.

चीनच्या बॉक्सरांचं, म्हणजे १९०० च्या सुमारास परक्यांवर आणि मिशनऱ्यांवर उठलेल्या गावकऱ्यांचं, थोडं वेगळं. आपल्याकडे जत्रेची वर्गणी असते ना, घरटी एवढे पैसे, त्यातून तमाशा, पालखी, जेवण. चीनच्या गावातही देवळाच्या उत्सवाला आणि नाटकाला अशीच वर्गणी, पण जे ख्रिश्चन झाले त्यांना ती माफ होती आणि कोर्टात त्यांच्या पाठीशी मिशनरी. आपल्या गावात असं झालं तर काय होईल याचा विचार करा. त्यात शांतुंग प्रांतात आधी पीत नदीचा पूर, मग उत्तर चीनमध्ये मोठा दुष्काळ, आणि १८९७ मध्ये दोन जर्मन पाद्र्यांचा खून झाला त्याचं निमित्त करून जर्मनीनं चिआओचौचा किनाराच घेतला. परक्या धर्मामुळे देव कोपलाय, म्हणून पाऊस नाही, असे कागद गावोगाव लागायला लागले. शेतात काम नसलेली तरुण पोरं अंगात आणून लाठी-तलवारीचा सराव करत होती. जिथं पाऊस पडला तिथून बरीच पोरं पेरणीला परत गेली! माझ्यासाठी तुमच्या प्रश्नातला सगळ्यात मोठा पुरावा हाच आहे. पण जी परत गेली नाहीत त्यांनी मारलेल्यांत सगळ्यात जास्त कोण होतं, तर चिनी ख्रिश्चन, त्यांच्यासारखेच गरीब खेडूत.

म्हणून धर्म म्हणजे नुसता वरचा रंग असं म्हणणाऱ्यांशीही माझं पटत नाही. आपला कोण आणि परका कोण ही रेघ धर्म ओढतो आणि ती दर वेळी जुलूम करणाऱ्याच्या दारातूनच जाते असं नाही. मलबारमध्ये, म्हणजे आजच्या उत्तर केरळात, १९२१ ला मापिला म्हणजे तिथली मुसलमान कुळं उठली त्यामागं जन्मी जमीनदारांनी कुळांना हवं तेव्हा जमिनीवरून काढण्याची जुनी जखम होती, खिलाफतीची, म्हणजे तुर्कस्तानच्या खलिफाची गादी वाचवा ही, हाक नंतरची, पण रेघ धर्माची पडल्यावर साधे हिंदू शेतकरीही मारले गेले, धर्मांतराची सक्ती झाली. दुसऱ्या बाजूला इंग्रजांनी पकडलेल्या मापिलांना मालगाडीच्या बंद डब्यात कोंडून पाठवलं आणि साठहून जास्त माणसं आतच गुदमरून मेली. यातलं काहीच कुणी लपवू नये, ना हे ना ते.

इंग्रजांनी नंतर काय केलं तेही बघण्यासारखं आहे. सुप्यानंतर कमिशन बसलं आणि १८७९ ला कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी कायदा आला. बिरसांनंतर १९०८ ला छोटानागपूरचा कूळकायदा आला आणि खुंटकट्टी कागदावर मान्य झाली. मलबारमध्ये १९३० ला कूळकायदा झाला. एका ठिकाणी देव नव्हता, एका ठिकाणी सिंगबोंगा होता, एका ठिकाणी खिलाफत, आणि तिन्ही कायद्यांत लिहिलेलं आहे ते जमीन आणि कर्जाबद्दलच.