बॅटरीची कोणती तार आधी जोडावी?

प्रश्न : आमच्याकडे जुनी डिझेल गाडी आहे. ऐन पेरणीच्या दिवसांत तिचा सेल्फ बंद पडला, म्हणून धाकट्या भावाने बॅटरीच्या तारा सोडून सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, उतरवला, तालुक्याच्या गावाहून दुरुस्त करून आणला आणि घरीच परत बसवला. बॅटरी जोडताना मात्र मोठी ठिणगी उडाली, पान्याच्या टोकाला खड्डा पडला आणि तेव्हापासून वडील कोणाला बोनेट उघडू देत नाहीत. गावात कोणी म्हणतो की कोणतीही तार आधी जोडली तरी चालते, तर कोणी म्हणतो की काळीच आधी जोडावी. शिवाय एका टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढला असून त्याचा क्लॅम्प घट्ट बसत नाही, म्हणून भावाने फटीत खिळा ठोकला आहे. योग्य पद्धत कोणती?
– एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : जोडताना लाल म्हणजे धन तार आधी आणि काळी म्हणजे ऋण तार सर्वांत शेवटी जोडावी, सोडताना याच्या उलट, काळी आधी सोडावी. हा क्रम केवळ रूढी म्हणून पाळायचा नाही, त्यामागचे कारण घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. गाडीचा सांगाडा, इंजिन, मडगार्ड असा सगळा धातूचा भाग काळ्या तारेने बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडलेला असतो. काळी तार आधी जोडली आणि नंतर लाल टर्मिनलचा नट आवळताना पान्याचे दुसरे टोक बोनेटच्या कडेला टेकले, की बॅटरीची दोन्ही टोके त्या पान्यातून थेट जोडली जातात; अशा वेळी शेकडो अँपिअरचा प्रवाह वाहून लोखंड जागच्या जागी वितळते. आपल्या पान्याला पडलेला खड्डा बहुधा याचीच खूण आहे. काळी तार शेवटी ठेवली, तर ती आवळताना पाना बॉडीला लागला तरी काहीच होत नाही, कारण दोन्ही बाजू ऋणच असतात.

तरीही भावाचा क्रम बरोबर होता आणि ठिणगी काळ्या तारेवरच उडाली, असे असेल तर प्रकरण वेगळे आहे आणि ते अधिक काळजीने पाहावे लागेल. बॅटरीच्या धन टोकापासून सेल्फपर्यंत जाणाऱ्या जाड तारेत बहुतेक गाड्यांत फ्यूज नसतो. सेल्फ बसवताना त्या तारेचा लग, म्हणजे टोकाची धातूची कडी, तिरका राहून इंजिनला टेकला, किंवा तिच्यावरची रबरी टोपी परत चढवायची राहिली, तर पुढे सगळे व्यवस्थित केले तरी शॉर्ट होणारच. म्हणून बॅटरी जोडण्यापूर्वी गाडीखाली टॉर्चचा उजेड टाकून तो नट, लग आणि टोपी डोळ्यांनी पाहावी, आणि तार हाताने हलवून ती कुठे घासत नाही याची खात्री करावी.

यानंतर एक सोपी चाचणी अवश्य करावी. किल्ली काढून, दिवे बंद करून आणि दारे लावून लाल तार जोडावी. मग मोटारसायकलच्या इंडिकेटरचा बारा व्होल्टचा बल्ब दोन तुकडे तारेने बॅटरीचे ऋण टोक आणि सुटी काळी तार यांच्या मध्ये धरावा. बल्ब लागला नाही, किंवा क्षणभर लागून मंद झाला, तर हरकत नाही. तो लखलखीत पेटून तसाच राहिला, तर कुठेतरी काहीतरी चालू आहे किंवा शॉर्ट आहे. ते सापडेपर्यंत काळी तार जोडू नये. सगळे ठीक असतानाही शेवटच्या जोडणीला बारीक ठिणगी दिसू शकते, तिला घाबरण्याचे कारण नाही.

खिळा मात्र आजच काढावा. सेल्फ मारताना त्या जोडातून शंभर-दोनशे अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह जातो, आणि खिळ्याच्या एवढ्याशा स्पर्शावर तो पेलत नाही. जोड तापतो आणि बॅटरीवरचा शिशाचा मऊ खांब, म्हणजे टर्मिनल, चिरतो. क्लॅम्प सैल झाला असेल तर नवीन घ्यावा, तो महाग नसतो. चढलेला थर काढण्यासाठी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या दातांच्या ब्रशने घासावे. त्या वेळी बॅटरीची झाकणे घट्ट लावलेली असावीत, कारण सोडा आत गेल्यास आम्ल निकामी होते. नंतर पुसून कोरडे करावे, क्लॅम्प बसवून आवळावा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा. क्लॅम्प हातोडीने ठोकून बसवू नये. तारांचे रंग जुनाट झाले असतील तर खांबाजवळची अधिक-उणे खूण पाहावी. धन खांब किंचित जाड असतो. उलट जोडणी झाली तर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचे डायोड जळतात.

कामाआधी हातातले कडे, अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे आणि बादलीभर स्वच्छ पाणी जवळ असावे. डोळ्यात आम्ल गेल्यास निदान पंधरा-वीस मिनिटे पाण्याने धुऊन थेट दवाखाना गाठावा. दूध, तूप असे काहीही घालू नये. रात्री वीज नसताना बॅटरीतले पाणी पाहण्यासाठी काडी ओढणे हा जिवाशी खेळ आहे, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के झाला तरी पेट घेतो.

आपला तालुका खारपाणपट्ट्यात मोडतो, म्हणून हेही सांगतो. विहिरीचे, बोअरचे किंवा पिण्याच्या कॅनचेही पाणी बॅटरीत घालू नये. त्यातील क्षार बॅटरीतल्या शिशाच्या पत्र्या खातात. बाजारात मिळणारे डिस्टिल्ड वॉटरच घालावे.

जोडणी करताना किल्ली खिशात ठेवावी, कारण तार जोडताच काही गाड्यांची दारे आपोआप लॉक होतात.

प्रश्न : इंजिन चालू असताना बॅटरीचे एक टर्मिनल काढून डायनॅमो चार्ज करतो की नाही हे पाहतात. ते घरी करता येईल काय?
– एक वाचक, ता. पुसद, जि. यवतमाळ

उत्तर : करू नये. अल्टरनेटरची, म्हणजे आपण म्हणता त्या डायनॅमोची, वीज बॅटरी सावरून घेत असते. ती अचानक बाजूला केली की व्होल्टेज एकदम उसळते आणि डायोड किंवा गाडीचे इलेक्ट्रॉनिक युनिट जळते. त्याऐवजी साधा मल्टीमीटर घ्यावा. रात्रभर उभ्या गाडीत पूर्ण चार्ज असलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, आणि इंजिन चालू केल्यावर साधारणतः 13.8 ते 14.5 दिसायला हवेत. आकडा वर चढतच नसेल तर चार्जिंग होत नाही. आधी अल्टरनेटरचा पट्टा सैल आहे का ते पाहावे. आकडा पंधराच्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे, आणि आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात अशा बॅटरीतले पाणी फार लवकर आटते. तेव्हा पाण्याची भर घालत बसण्यापेक्षा रेग्युलेटर बदलून घ्यावा.