रोकड घेऊन ये-जा करणाऱ्याने कपड्याआड बाळगायला कोणती रिव्हॉल्वर घ्यावी? सराव किती लागतो?

तुम्ही लिहिलंय की आडत दुकान आहे, संध्याकाळी रोकड घेऊन घरी जावं लागतं, परवाना नुकताच मिळालाय आणि आता शर्टाखाली दिसणार नाही असं हत्यार सुचवा. शेवटी विचारलंय, "सराव थोडाफार केला तरी चालेल ना?" मी उत्तर लिहायला बसले ते या शेवटच्या ओळीमुळे. नाही चालणार.

आधी खरेदीचं उरकते. आपल्यासारख्यांच्या परवान्यावर .32 बोअरची मिळते, बोअर म्हणजे नळीच्या आतली रुंदी. .38 आणि 9 एमएम प्रतिबंधित बोअरमध्ये येतात, त्यामुळे पाहुणेमंडळी काय सांगतात ते ऐकून सोडून द्या. कानपूरची सरकारी .32 रिव्हॉल्वर सहा गोळ्यांची, तीन इंची नळीची, गोळ्या भरायला मधून मोडून उघडणारी. तिचा चाप जड आहे, पण सवयीने जमतो. 'निर्भीक' ही रिव्हॉल्वर 2014 साली आली. टायटॅनियम मिश्रधातूची, अर्ध्या किलोची, तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि खास बायकांसाठी म्हणून दागिन्यांच्या डबीसारख्या पेटीत विकली गेली. मला ती पेटी बघूनच राग आला होता. हलकं हत्यार बाळगायला सोपं, पण तेच गोळी सुटताना हाताला जास्त झटका देतं, आणि दुसरी गोळी जाग्यावर जायची तर तो झटका पचवावा लागतो. 2023 साली 'प्रबळ' रिव्हॉल्वर आली, तिचा सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचं फिरतं नळकांडं, बाजूला उघडतो, भरायला सोपी जाते. तुमचा हात मोठा असेल तर तीच बघा. परदेशी पिस्तुलाच्या नादी लागू नका. आयात ऐंशीच्या दशकातच बंद झाली, त्यामुळे बाजारात फिरतात ती जुनी, हातोहात विकलेली, आणि किंमत लाखांत. आमच्या घरात असं एक आहे. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

मी सोलापूर रस्त्यावर पेट्रोल पंप चालवते. मिस्टर गेल्यावर पंप माझ्याकडे आला, आणि शनिवार-रविवारची रोकड सोमवारी बँकेत भरायचं कामही. परवान्यासाठी अर्ज केला तेव्हा धाकटे दीर म्हणाले होते, "वहिनी, बाईमाणसाच्या हातात हत्यार म्हणजे चोराच्या हातात आयतं." त्यांच्याकडे स्वतःचं ते परदेशी पिस्तूल होतंच. मी काही बोलले नाही. परवाना निघाला, रिव्हॉल्वर घेतली आणि नेमबाजीच्या रेंजवर सरावाला जायला लागले.

पावसाळ्यातली संध्याकाळ होती. लाईट गेलेली, पंप जनरेटरवर. मोटरसायकलवर दोन पोरं आली, तोंडाला रुमाल. मागच्याने उतरल्या उतरल्या कोयता काढला आणि पेट्रोल सोडणाऱ्या आमच्या पोराच्या मानेला लावला. दुसरा गाडी चालू ठेवून बसलेला. कोयतेवाला पैशांची बॅग मागत होता. मी केबिनच्या दारात, सात-आठ पावलांवर. रिव्हॉल्वर उजव्या कमरेला, कुर्त्याखाली. डाव्या हाताने कुर्ता वर ओढायचा, उजव्याने बाहेर काढायची, एवढं मी घरात रिकाम्या हत्याराने इतकं घोटलं होतं की हात आपोआप निघाला असता.

मी तो काढला नाही. पोराला ओरडून सांगितलं, "दे बॅग, दे, सोडून दे."

कारण त्या क्षणी मला समोरचं सगळं दिसत होतं. कोयता आणि आमचं पोर यांच्यात वीतभरसुद्धा अंतर नव्हतं. त्यांच्या मागे, थेट रेषेत, दुसऱ्या मशीनपाशी एक नवरा-बायको गाडीवर, मधे लहान मूल. बाजूला नोझल, त्यातून नुकतंच पेट्रोल गेलेलं, हवेत वाफ. सात-आठ पावलांवरून दिवसा, शांतपणे, दोन्ही हातांनी धरून माझ्या गोळ्या कागदावर केवढ्या घेरात बसतात ते मला ठाऊक होतं. छाती धडधडत असताना तो घेर किती वाढतो तेही ठाऊक होतं, कारण प्रशिक्षक आम्हाला धावायला लावून, धापा टाकत असताना गोळी मारायला लावायचे. त्या घेरात आमच्या पोराचं डोकं येत होतं. चुकलेली गोळी त्या मुलापर्यंत जात होती. हा हिशोब तिथे उभं राहून मांडायला वेळ नसतो. तो रेंजवर आधीच मांडून झालेला असावा लागतो.

पोराने बॅग दिली, ते गेले. मानेवर ओरखडा होता, टाके पडले नाहीत. पुढे स्थानिक गुन्हे शाखेने त्यांना पकडलं, पैसे थोडेच परत आले.

मग पुढच्या लग्नात, जेवणाच्या पंगतीत, सगळ्यांसमोर भावजी म्हणाले, "वहिनी, कमरेला होती ना? मग काढली का नाही? नुसती मिरवायला घेतली का?" त्यानंतर दर दिवाळीला, दर बारशाला हेच. त्यांनी वकिलालाही विचारलं होतं. वकील चुकीचं बोलले नव्हते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 41 प्रमाणे जबरी चोरी रोखताना समोरच्याचा जीव जाईपर्यंत बचाव करण्याचा हक्क मिळतो. प्राणघातक हल्ल्यात मधल्या निरपराध माणसाला इजा होण्याचा धोका पत्करावा लागला तरी बचाव टिकतो, असं कलम 44 सांगतं. पण कलम 37 असंही सांगतं की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. आणि कोर्टाने मला सोडलं असतं तरी त्या मुलाच्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं? बॅगेत एका पाळीचे पैसे होते. पोर सकाळी कामावर आलं.

एकदा मी भावजींना म्हटलं, चला माझ्याबरोबर रेंजवर. आले. पिस्तूल कपाटातल्या कातडी कव्हरातून तसंच आणलेलं. मॅगझिनमध्ये काडतुसं कित्येक वर्षं भरून ठेवलेली. पहिली गोळी सुटलीच नाही. दुसरी सुटली ती कागदाच्या बाहेर, तिसरी मातीच्या बांधात. प्रशिक्षकांनी त्यांना काढून, नेम धरून, मारून दाखवायला सांगितलं, तर पिस्तूल बाहेर काढतानाच बोट चापावर गेलेलं. प्रशिक्षकांनी तिथेच थांबवलं. भावजी, तुम्ही हे वाचत असाल तर पुन्हा सांगते, तुम्ही त्या संध्याकाळी पंपावर असता तर आमचं पोर आज नसतं. तुम्ही भित्रे नाही, पण तुमचा हात ते हत्यार ओळखतच नाही.

तर आडतवाले दादा, सराव कसा करायचा ते असं. घरात रिकामा सराव रोज, थोडा वेळ. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, सिलिंडर उघडून डोळ्यांनी आणि बोटाने दोनदा तपासायचा, गोळ्यांच्या खाचांत डमी, म्हणजे नकली काडतुसं, घालायची, आणि भिंतीपलीकडे माणूस नसेल अशाच दिशेला नळीचं तोंड. ज्या कपड्यांत रोकड नेता त्याच कपड्यांत. शर्ट खोचलेला असेल तर सगळंच बदलतं, बाहेर सोडलेला शर्ट घाला. घोडा, म्हणजे मागचा हातोडा, आधी अंगठ्याने मागे ओढून मारण्याची सवय लावू नका, जड चापानेच शिका, कारण गडबडीत तेच होणार आहे. खऱ्या गोळ्यांचा सराव रायफल क्लबच्या रेंजवर, पाच ते दहा मीटरवर. पन्नास मीटरचे नेम तुमच्या कामाचे नाहीत. वर्षाला किती काडतुसं घेता येतील ते परवान्यावर असतं, त्यातली बरीचशी सरावात संपली पाहिजेत. जुनी आधी वापरायची, कमरेला ताजी. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची रिव्हॉल्वरची .32 आणि पिस्तुलाची .32 काडतुसं वेगवेगळी असतात, दुकानात स्पष्ट सांगा. रिकाम्या पुंगळ्या टाकू नका, पुढच्या खरेदीला हिशोब मागतात.

बॅगेत तर मुळीच ठेवू नका. चोर बॅगच ओढतो. कमरेला, चाप पूर्ण झाकला जाईल अशा घट्ट होल्स्टरमध्ये, म्हणजे हत्याराच्या म्यानात. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलंच असावं लागतं, त्यामुळे लपवणं ही हौस नाही, सक्तीच आहे. लग्नात-मिरवणुकीत हवेत गोळी मारली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि हत्याराच्या आधी रोकडीची वेळ बदला. मी त्या प्रसंगानंतर पंपावर दर दोन तासांनी पैसे तिजोरीत टाकायला लावले, पोरांकडे फक्त सुट्टे ठेवले. बँकेत जायची वेळ आणि रस्ता दर वेळी वेगळा. याचा उपयोग रिव्हॉल्वरपेक्षा जास्त झालाय.

शेवटी काही गोष्टी राहिल्या. घरात लहान मुलं असतील किंवा तुम्ही पीत असाल, तर परवाना मिळाला तरी हत्यार घेऊ नका. मी पुणे ग्रामीणचं सांगतेय, तुमच्याकडे पोलीस आयुक्तालय असेल तर तिथल्या शस्त्र परवाना शाखेत विचारा, अटी परवान्यावर वेगळ्या असू शकतात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की हत्यार ठाण्यात जमा करायला सांगतात. त्याची पावती परवान्याच्या पुस्तकातच ठेवा, परत घेताना तीच लागते.