वाचक विचारतात: झुकलेला गुलमोहर आणि ट्रॅक्टरची विंच

प्रश्न : गोरेगावच्या आमच्या सोसायटीतला वाळका गुलमोहर कुंपणभिंतीकडे झुकलाय. ट्रॅक्टरच्या विंचने (तारदोर गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राने) उलट बाजूला पाडता येईल का?

उत्तर : येईल, पण आधी महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी, झाड वाळलेलं असलं तरी ती लागते.

तारदोर साधारण दोन-तृतीयांश उंचीवर बांधा. बुंध्याशी बांधला तर ओढ वाया जाते. ट्रॅक्टर झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर हवा. तेवढी जागा मुंबईत कुठली? मग दुसऱ्या भक्कम झाडाला रुंद पट्ट्याने कप्पी अडकवून दोर वळवा. दोर पूर्ण उलटा वळला तर कप्पीवर ओढीच्या दुप्पट भार येतो. ५ टनी विंचला १० टनी कप्पीच हवी. वळणाच्या आतल्या बाजूला कोणीही थांबू नये.

हळू ताणा. वाळकं लाकूड झटक्याने वरच मोडतं.