आधी त्याच्या घरी जा

प्रिय बेटा,

प्रभूमध्ये प्रेमाचा सलाम. काल रात्री आपल्या चर्चच्या तरुण संघाच्या ग्रुपवर तू संघातल्या त्या पोराबद्दल लिहिलेलं वाचलं आणि झोपच लागेना. शिबिराच्या आदल्या दिवशी जेवणाची जबाबदारी टाकून तो निघून गेला, वर फोन बंद, आणि साठ पोरांच्या जेवणासाठी तुझी काय धावपळ झाली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. चूक त्याचीच आहे, त्यात वाद नाही. पण ते तू सगळ्या मंडळीसमोर लिहिलंस आणि खाली बायबलचं वचन टाकलंस, पौलाच्या गलतीकरांस पत्रातलं 6:1, चुकलेल्याला "ताळ्यावर आणा". मला त्या वचनावरच बोलायचंय.

मराठीत ताळ्यावर आणणं म्हटलं की दरडावणंच डोळ्यासमोर येतं. पण मूळ ग्रीकमध्ये पौलाने तिथे जे क्रियापद घेतलंय ना, तेच मार्कच्या शुभवर्तमानात 1:19 मध्ये आहे, याकोब आणि योहान हे कोळी भाऊ तारवात बसून जाळी नीट करत होते तिथे! वसईला पाचूबंदरला कधी गेलास तर कोळी जाळं कसं दुरुस्त करतात ते बघ, फाटलं म्हणून कोणी ते हिसकत नाही की फेकत नाही, मांडीवर घेऊन एकेक भोक शोधत बसतात, कारण त्याच जाळ्याने परत मासे धरायचे असतात. आणि त्याच वचनात "सौम्य वृत्तीने" असंही आहे, "स्वतःकडे लक्ष दे" असंही आहे, ते दोन्ही तुझ्या मेसेजमधून गळालं बघ.

योहान मार्क आठव, पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्याबरोबर सुवार्तेच्या फेरीला गेलेला. पंफुल्या प्रांतात त्या दोघांना सोडून तो सरळ यरुशलेमला परत गेला, का गेला ते प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात सांगितलेलंच नाही. पुढच्या फेरीला पौल म्हणाला हा नको, बर्णबा म्हणाला न्यायचाच, आणि एवढं वाजलं की दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मार्क बर्णबाच्या नात्यातला होता हे खरं, तरी अशा पोराला घेऊन कुप्र बेटाला निघायला मन मोठं लागतं. तोच पौल पुढे तुरुंगातून आपल्या सहकारी तीमथ्याला लिहितो की मार्कला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत बर्णबाने त्याला कसं सांभाळलं असेल याचा मी फार विचार करते.

कारण मी तसं केलं नव्हतं. तुझ्या वयाची असताना एका मुलीला मी प्रॅक्टिसमध्ये सगळ्यांसमोर बोलले. मी बोलले ते शब्द न् शब्द खरं होतं, आणि ती मंडळीतून गेली ती परत आलीच नाही, तीस वर्षं झाली. खरं बोलले याचं समाधान मला आजपर्यंत मिळालेलं नाही.

एक मात्र नीट ऐक, सांभाळून घेणं म्हणजे झाकणं नाही. कुणी लेकराला इजा केली, कुणाच्या अंगावर हात टाकला, तर एकट्याने जाऊन समजावत बसायचं नाही, लगेच चर्चच्या पाळकांना सांगायचं आणि पोलिसांतही जायचं. पण इथे तसं नाहीये, इथे एक पोरगा घाबरून पळालाय. अशा वेळी मत्तय 18:15 प्रमाणे आधी त्याच्याकडे एकट्याने जायचं, तिथे प्रभू "भाऊ मिळवलास" म्हणतो, केस जिंकलीस म्हणत नाही.

तर तो मेसेज आत्ता डिलीट कर आणि सगळ्यांसमोर लिहिल्याबद्दल ग्रुपवरच माफी माग. शनिवारी संध्याकाळी त्याच्या घरी जा, पोचल्या पोचल्या शिबिराचं काढू नकोस, चहा घे, त्याच्या आईशी बोल, मग दोघंच जरा बाहेर पडा आणि तुला किती त्रास झाला ते सरळ सांग, गोडगोड करू नकोस. तो काय म्हणतो ते पूर्ण ऐक. आणि नाताळच्या कॅरोलला त्याला एखादं खरं काम दे, नुसत्या खुर्च्या लावायचं नको.

निघताना मला एक मिस्ड कॉल दे, तेवढा वेळ मी तुम्हा दोघांसाठी प्रार्थनेला बसते.

तुझी संडे स्कूलची टीचर